आले होते

मी मोजते. तेच माझं काम.
हॉलीहेडच्या धक्क्यावर रात्रपाळीला
आयर्लंडच्या बोटीत चढणारे ट्रक.
नऊ वर्षांत दोनदा चुकले,
दोन्ही तारखा पाठ आहेत.

फेब्रुवारीपासून उजव्या बरगडीखाली
कुणीतरी ओला दोर पिळतंय.
दवाखान्याचा फोन आठला उघडतो,
आठ वाजून अकरा मिनिटांनी
त्या दिवसाचे डॉक्टर संपतात.

वाक्य कागदावर लिहून ठेवते:
नमस्कार, मी हेलेड प्रिचर्ड, मला दुखतंय.
आपला क्रमांक सतरावा, म्हणतो आवाज.
मग संगीत. तेच आठ सूर, सातव्यात खरखर.
मग एकदम माणूस,
आणि माणूस विचारतो, 'हं, काय म्हणताय?'
हे माझ्या कागदावर नाही.
तोंडातून ब्र निघत नाही,
पलीकडे हॅलो, हॅलो, हॅलो,
चौथ्या हॅलोला ठेवते फोन, रास्तच आहे.

चालत गेले. काउंटरवर नेरिस,
शाळेत माझ्या दोन वर्षं पुढे होती.
म्हणाली, अगं फोन कर ना, नाहीतर ॲप आहे.
म्हटलं, मी इथेच उभी आहे.
म्हणाली, दिसतंय गं,
पण यादीत नाहीस.

ॲप विचारतं: दुखणं नेहमीपेक्षा जास्त आहे का?
नेहमी म्हणजे कुणाचं?
ॲप विचारतं: एक ते दहा.
दहा म्हणजे कल्पना करता येईल तेवढी वेदना.
मला कल्पना फार लांबपर्यंत करता येते.
दोर तुटला तेव्हा ग्विलिमचा हात कसा गेला
ते मी सहा पावलांवरून पाहिलंय.
प्रामाणिकपणे चार लिहिलं.
चारला गरम पाण्याची पिशवी मिळते,
तीही आपल्याच घरची.

मी अशी का, हे तपासून सांगणारी यादी वेगळी.
तिच्यात मी साडेचार वर्षं आहे.
ते एकदा कागदावर आलं
की फोनऐवजी पत्राने बोलता येईल म्हणे.
यादी कुठवर आली हे विचारायचं तर
फोन करावा लागतो.

शेवटी एम्रिसने, धक्क्यावर दोर झेलणाऱ्याने,
माझा भाऊ म्हणून फोन लावला.
धडधडीत खोटं. त्याला सहा मिनिटं लागली.

बँगोरला पोचले बावीस मिनिटं आधी.
नळीचे दिवे गुणगुणत होते,
(ते ऐकू येत नाहीत, असं सगळे मला सांगतात)
कॉफीचं यंत्र खाकरत होतं,
कुणीतरी संत्रं सोलत होतं, सगळ्या खोलीभर.
मी तिसऱ्या खुर्चीवर, जाकिटाची चेन
वर, खाली, वर.
दहाला दारातून हाक आली: मिसेस प्रिचर्ड.

मिसेस प्रिचर्ड माझी आई.
तिला जाऊन सहा वर्षं झाली.
मी मान वळवून पाहिलं,
असेल आणखी कुणी, उठेल आता.
पुन्हा हाक. कुणी उठलं नाही.
मला त्या बाईंचं वाईट वाटलं,
इतके हेलपाटे घालून मिळालेली वेळ,
आणि नेमक्या आज कुठे राहिल्या.

पावणेपाचला निम्मे दिवे मालवले, फार बरं वाटलं.
फरशी पुसणाऱ्या माणसाने विचारलं,
कुणाची वाट बघताय?
मी म्हटलं, माझी.
तो हसला. मी विनोद केला नव्हता.

काल पत्र आलं. आपण भेटीस आला नाहीत.
सबब आपलं नाव यादीतून कमी करत आहोत.

यादी चुकली तर दुरुस्त करणं
हे माझ्या कामात बसतं.
'आला नाहीत'वर एक रेघ, खालचं वाचता येईल अशी.
वर लिहिलं: आले होते.
नऊ अडतीस. तिसरी खुर्ची, खिडकीकडची रांग.
निघाले सोळा छपन्न.
खाली सही, बोटीच्या कागदावर करते तशीच.

पत्र पेटीत टाकताना दोराला पीळ बसला.
पेटीला धरून उभी राहिले, मोजलं.
पाच.

बहुतेक पाच.